मरगाईनं नाकारलेलं बकरं

बकरं आणि तपासणीचा रिपोर्ट एकाच दिवशी घरात आले, आणि सयाजीराव पोवारांच्या घसरगुंडीला तिथूनच सुरुवात झाली.

आधी बकऱ्याचं सांगायला हवं, कारण ते आधी आलं. सयाजीराव पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते, पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांना त्या खुर्चीसाठी कुणी विचारत नसे. त्यांची किंमत होती ती त्यांच्या उजव्या हातासाठी. बकऱ्याच्या मानेपासून शेपटापर्यंत तो हात एकदा फिरला की सयाजीराव डोळे मिटून सांगत, “सतरा किलो पडंल. चरबी बेताची. शिजायला सव्वा तास.” आणि सव्वा तासानं झाकण काढलं की मटण शिजलेलं असे. गल्लीतल्या बापांनी जावई निवडताना चुका केल्या होत्या, नगरसेवक निवडताना तर सगळ्या गल्लीनं मिळून केली होती. पण मरगाई देवीच्या आषाढातल्या जत्रेचं बकरं बावीस वर्षं सयाजीराव निवडत होते आणि ते एकदाही वातड निघालं नव्हतं. खात्याच्या बढतीच्या यादीतून त्यांचं नाव तीनदा गळलं, तेव्हा माणूस या एका गोष्टीवर तग धरून राहिला.

जत्रेला अठरा दिवस असताना ते गडहिंग्लजच्या बाजारातून एक काळं बकरं घेऊन आले. दरवर्षी बकरं तालमीच्या मागं बांधायची रीत होती, पण यंदा तिथं पाणी तुंबलं होतं. “असू द्या आमच्याच बोळात,” असं सयाजीराव बोलून गेले. माणूस असं काहीतरी बोलून जातो आणि मग आयुष्यभर निस्तरत बसतो. बकऱ्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, आणि नजर अशी, की समोरचा चुकीचं बोलतोय हे कळूनही आपण सभ्यपणे ऐकून घेतोय. गल्ली त्याला ‘पावणं’ म्हणू लागली. अठरा दिवस राहून जाणाऱ्याला कोल्हापुरात दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी रिपोर्ट आला. जिना चढताना छातीत आवळतं म्हणून सुरेखाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मागं लागून लागून तपासण्या करवल्या होत्या. डॉक्टर स्नेहल ही याच गल्लीत वाढलेली पोरगी. लहानपणी जत्रेच्या दिवशी ती सयाजीरावांकडून हट्टानं नळी मागून घ्यायची. तिनं कागद वाचला, चष्मा पुसला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. दुसऱ्यांदा वाचणारा डॉक्टर सयाजीरावांना कधीच आवडला नव्हता.

“काका, मटण बंद.”

“बुधवारचं?”

“बुधवारचं, रविवारचं, पाहुण्यांचं, जत्रेचं. सगळं.”

“तांबडा रस्सा तरी? नुसता?”

“नाही.”

“पांढरा?”

“काका, रंगाचा प्रश्न नाहीये.”

“मग अळणी? आजाऱ्याला पाजतात की. त्यात तिखट न्हाय, मीठ न्हाय, नुसतं उकडलेलं पाणी.”

“त्या पाण्यावर जे तरंगतं ना, तेच तुमच्या शिरेत बसलंय. एक शीर बरीच अरुंद झालीय.” स्नेहलनं कागदाची घडी घातली. “जोतीरामकाकांचा रिपोर्टही मीच वाचला होता. त्यांनीही असेच एकेक रंग विचारले होते.”

जोतीराम म्हणजे सयाजीरावांचे थोरले भाऊ. तीन वर्षांपूर्वी, जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी, उरलेल्या रश्श्यावर जेवून हात धुवायला उठले ते मोरीपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांचा फोटो स्वयंपाकघरात जेवायला बसणाऱ्याच्या बरोबर समोर आहे. त्यामागं काही हेतू नाही, भिंतीत खिळा तिथंच होता.

सुरेखाबाई रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी घरी येऊन कांदा-लसूण चटणीचा डबा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. “चटणीला डॉक्टरनी न्हाय म्हटलं न्हाय,” सयाजीराव म्हणाले. “चटणी दिसली की तुमाला मटण आठवतंय,” त्या म्हणाल्या. ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून दुधी, मेथी, कोबी, दोडका अशी मंडळी ताटात येऊन बसू लागली. मेथीची पानं सयाजीरावांना आणि देठं पावण्याला. दुधीचा गर यांना, साल त्याला. रोज सकाळी बोळातल्या पायरीवर एक माणूस आणि एक बकरं शेजारी शेजारी बसून एकाच भाजीचे दोन वाटे खाऊ लागले. दोघांत जास्त आवडीनं कोण खातं याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं.

सल्ल्यांना तर ऊत आला. गुंडू, तालमीचा अध्यक्ष, म्हणाला, “चरबी काढून खावा की! मांस काय करतंय?” एका निवृत्त पैलवानांनी पाचशे जोर काढायला सांगितले, ते स्वतः दोन काठ्या घेऊन चालत. कुणी म्हणालं रिपोर्टचं मशीन पुण्याचं असणार, त्याला आपलं रक्त काय कळणार. समोरच्या घरातला श्रेणिक, ज्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि ज्याच्या सात पिढ्या कुरुंदवाडात अंड्यालाही न शिवता गेल्या, तो हात जोडून म्हणाला, “अण्णा, आता आमच्यात या. बघा, मी जन्मात कधी खाल्लं न्हाई.”

“तुमचा कोलेस्टेरॉलचा आकडा किती हाय?” सयाजीरावांनी विचारलं.

श्रेणिकनं मागं वळून आपल्या घराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. “दोनशे पन्नास. तूप हो, अण्णा. तुपानं घात केला.”

अशा थट्टेत दिवस गेले असते तर बरं झालं असतं. पण सयाजीराव बसल्या बसल्या विचार करू लागले, आणि लिपिकानं विचार केला की तो शेवटपर्यंत करतो. शेजारी बसून मेथीची देठं चघळणाऱ्या या जीवाची तारीख ठरलेली आहे. आपलीही ठरली असावी. फरक इतकाच की त्याची पंचांगात छापलेली आहे. पावणं मान तिरकी करून त्यांच्या गुडघ्याला कपाळ घासायचं, आणि सयाजीरावांचा तो प्रसिद्ध हात आपोआप त्याच्या पाठीवर जायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्या हाताला किलो कळेनासे झाले. त्याला नुसतं ऊबदार काहीतरी लागायचं आणि आतून चाललेली धडधड कळायची. एका सकाळी त्यांच्या मनानं घेतलं की हे बकरं आषाढ पार करून गेलं तर आपणही जाऊ. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

श्रेणिकला अर्धंच सांगितलं. बकरं वाचवायचंय, एवढंच. श्रेणिकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं लगेच स्कूटर काढली आणि दोघं शहराबाहेरच्या एका पांजरपोळात गेले. कार्यालयातला माणूस फार सज्जन होता. त्यानं अर्ज पुढं केला आणि सहाव्या रकान्याशी पेन थांबवलं.

“जनावराची सुटका कोणाच्या तावडीतून केली?”

“माझ्याच,” सयाजीराव म्हणाले.

“असं लिहिता येत नाही. मालक वेगळा, सोडवणारा वेगळा असावा लागतो. आम्ही कत्तलीपासून सोडवलेली जनावरं घेतो. सोबत पोलिसांचा पंचनामा लागतो.”

कुठलाही नियम मोडायचा म्हटलं की सयाजीरावांना ताप भरे; बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज सहाव्या रकान्यावर परत पाठवले होते. ते मुकाट उठले आणि पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तक्रार कुणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध. आणि गल्लीविरुद्ध.”

“काय केलंसा तुम्ही?”

“अजून न्हाय. येत्या मंगळवारी करणार हाय.”

“मग मंगळवारी करून झालं की बुधवारी या,” हवालदार म्हणाले. “आणि व्हय, जत्रा कुठली? मरगाईची? आमाला सांगावा धाडा की राव!”

निदान बकरं आजारी आहे असा दाखला मिळाला तर देवीला चालणार नाही, असा तोडगा श्रेणिकनं काढला. म्हणून जनावरांच्या दवाखान्यात रांग लावली. डॉक्टरांनी पावण्याचे दात बघितले, पापणी उलटी करून बघितली, पोट चाचपलं, आणि कौतुकानं सयाजीरावांच्या पाठीवर थाप मारली. “कुणी निवडलंय? एक नंबर जनावर हाय!” छापील दाखला त्यांच्याकडं एकाच मजकुराचा शिल्लक होता. सयाजीराव घरी आले तेव्हा त्यांच्या खिशात दोन कागद होते. एकात सयाजीराव खाण्यास अयोग्य ठरले होते, म्हणजे त्यांनी खाणं. आणि दुसऱ्यात पावणं खाण्यास संपूर्ण योग्य असल्याचं सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं होतं.

सुरेखाबाईंनी दोन्ही कागद एकाच फायलीत लावले.

आता राहिला फक्त मंगळवार. मरगाईच्या जत्रेची रीत अशी की पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत आणायचं, देवीच्या पायरीवर ओतायचं आणि त्यातलंच तांब्याभर बकऱ्याच्या पाठीवर घालायचं. बकऱ्यानं अंग झाडलं, थरथरलं, की देवीनं मान्य केलं. तीन तांबे होतात; तिन्हींनाही हललं नाही तर देवीला ते बकरं नको. आजवर तिसऱ्या तांब्याची वेळ आली नव्हती, कारण आषाढात गार पाण्याखाली कोण थरथरणार नाही? हे सगळं देवीची पूजा करणाऱ्या झुंबरबाईंच्या हातचं. ऐंशीच्या घरातली ही बाई सगळ्या गल्लीची आत्ती. तिनं या गल्लीत जेवढी बाळंतपणं केली त्याहून जास्त माणसं आग्रह करकरून जेवायला घातली होती.

मंगळवारी पहाटेच उठून सयाजीराव बोळात गेले. त्यांच्या हातात एरंडेलाची बाटली आणि कापूस होता. पाऊण तास ते पावण्याच्या अंगात तेल चोळत होते. केसाच्या मुळापर्यंत, कण्यावर तर दोन हात. मग कापसाचे बोळे तेलात भिजवून त्याच्या कानांत आतवर घातले. बावीस वर्षं ज्या हातानं बकरी देवीकडं पाठवली त्याच हातानं आज ते देवीला फसवत होते. पावणं मात्र डोळे मिटून चोळून घेत होतं. त्याला वाटलं असावं, ही माणसं फारच प्रेमळ आहेत.

“काय तेज चढलंय बगा पावण्यावर!” गुंडू म्हणाला. हलगी कडाडली. झुंबरबाईंनी पहिला तांब्या ओतला. पाण्याचे थेंब काळ्या पाठीवरून घरंगळून खाली पडले आणि पावणं ढिम्म राहिलं. दुसरा तांब्या मानेवर ओतला. पावण्यानं गुंडूच्या गळ्यातला हार ओढून एक झेंडू खाल्ला. हलगी थांबली. तिसरा तांब्या झुंबरबाईंनी हळूहळू, डोक्यापासून शेपटापर्यंत धार धरून ओतला, आणि गल्लीतली शंभर माणसं श्वास रोखून एका बकऱ्याच्या कातडीकडं बघत राहिली. ते हललं नाही.

“तिला नगं हाय,” झुंबरबाई म्हणाल्या. “देवीनं ह्येला आपल्याजवळ ठेवून घेतलं. आजपासनं ह्ये देवीचं.”

सयाजीराव देवळाच्या खांबाला धरून उभे होते. छातीत आवळत नव्हतं. अठरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास आला, आणि ते लहान मुलासारखे रडले. गल्लीला वाटलं, निवडीची लाज वाटून माणूस रडतोय. गुंडूनं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. “रडू नगासा, सयाजीराव. दुसरं आणू या. तुमीच चला निवडायला.”

याचा विचार सयाजीरावांनी केलाच नव्हता. जत्रा मोडत नसते. तासाभरात त्यांना गाडीवर बसवून नेलं, चार बकऱ्यांच्या पुढं उभं केलं, आणि त्यांचा हात धरून एकेकाच्या पाठीवर ठेवला. “बोला.” सयाजीरावांनी कशावर तरी बोट दाखवलं. ते तांबूस बकरं देवळापुढं आलं, पहिलाच तांब्या पडला आणि ते कानापासून खुरापर्यंत थरथरलं. त्याच्या कानात कापूस नव्हता. हलगी पुन्हा वाजू लागली. दुपारी घरोघर वाटे गेले. पोवारांच्या घरी आलेला वाटा सुरेखाबाईंनी दारातूनच परत केला, आणि तीन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तरी पावणं जिवंत होतं. सयाजीरावांच्या हिशेबात तेवढं पुरेसं होतं. देवळामागच्या आडोशाला त्याला बांधलं, गळ्यात घुंगरू घातलं, कपाळावर मळवट भरला. आणि मग गल्ली कामाला लागली. कोल्हापुरात माणसावर प्रेम आहे हे सांगायची एकच पद्धत आहे, ती म्हणजे त्याला ताटावरून उठू न देणं. आता तर पावणं देवीचं. आषाढ असल्यामुळं घरोघर कापण्या तळलेल्या होत्याच; गव्हाच्या, गुळाच्या, खुसखुशीत. त्या आल्या. पुरणपोळी आली, दहीभात आला, आंबील आली, शिरा आला. एका सुनेला दिवस जात नव्हते, तिनं पाच किलो गहू भिजवून आणले. झुंबरबाई शेजारी बसून स्वतः भरवत. पावण्यानं मान फिरवली की जबडा धरून म्हणत, “एवढा घास माझ्यासाटी. गळ्याशप्पत हाय.”

सयाजीरावांना बकऱ्यातलं एवढं कळत होतं की या पोटाला पाला लागतो. बुधवारी सकाळी त्यांनी देवळामागं पाटी लावली: ‘सदर बकऱ्यास कोणीही काहीही खाऊ घालू नये. हुकुमावरून.’ हुकूम कुणाचा ते लिहायचं राहिलं. लोक पाटी वाचत, हळहळत, आणि “थोडंसंच हाय” म्हणून घालत. संध्याकाळपर्यंत त्या पाटीला कुणीतरी हार घातला होता.

शेवटी ते झुंबरबाईंपुढं जाऊन उभे राहिले. हे बोलणं त्यांना किती जड गेलं ते त्यांनाच माहीत. बावीस वर्षांची अब्रू एका वाक्यात जाणार होती.

“आत्ती, देवीचा काय संबंध न्हाय. मी एरंडेल चोळलतं त्येला. कानात कापूस घातलता. म्हणून थरथरलं न्हाय. साधं बकरं हाय ते. खायला घालणं थांबवा, मरंल.”

झुंबरबाई मायेनं हसल्या.

“तेल लावायची बुद्धी तुला कुणी दिली?”

“कुणी न्हाय. माझीच.”

“बावीस वर्सांत कदी आलती व्हय असली बुद्धी? न्हाय न्हवं? मग यंदाच कशी आली?” त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. “तिनंच दिली, येड्या.”

अब्रू गेली नाही, उलट वाढली. रात्रीपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की मरगाईनं सयाजीरावांच्या हातून तेल लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी नैवेद्याची दोन ताटं येऊ लागली, एक पावण्याला आणि एक सयाजीरावांना. पावण्याचं ताट थांबवायला ते दिवसभर देवळामागं बसून राहिले. पण पाण्याला म्हणून उठले की कापण्या पडत. संध्याकाळी पावणं खाईना. मान फिरवून उभं राहिलं. झुंबरबाईंनी जबडा धरून शेवटचा दहीभात भरवला.

शुक्रवारी सकाळी त्याची डावी कूस टम्म फुगली होती. ते आडवं पडून दात खात होतं. सयाजीरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. धडधड होती, पण फार लांबून आल्यासारखी. दवाखान्यातले तेच डॉक्टर आले. सोड्याचं पाणी पाजलं, तेल पाजलं, सुई टोचली. “काय काय घातलं होतं?” त्यांनी विचारलं, आणि लिहायला वही काढली. बायकांनी सांगायला सुरुवात केली. कापण्यांपर्यंत ते लिहीत होते, भिजवलेल्या गव्हाला त्यांनी वही मिटली.

“आत सगळं आंबलं,” ते म्हणाले. “कापलेली जनावरं बघितली, उपाशी मेलेली बघितली. आग्रहानं मरणारं पहिलंच बघतोय.”

दहा वाजता पावणं गेलं. जत्रेनंतरचा तिसरा दिवस होता. सयाजीरावांनी बोटांवर पुन्हा मोजलं, बुध, गुरू, शुक्र, तिसराच होता. मेलेली जनावरं नेणाऱ्या गाडीला त्यांनीच फोन लावला, कारण फोनवर नीट बोलणारं गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.

“मालकाचं नाव?” पलीकडून विचारलं.

“मरगाई.”

“आडनाव?”

सयाजीरावांनी फोन श्रेणिककडं दिला आणि घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

चार दिवस ते उठले नाहीत. कचेरीत रजेचा अर्ज गेला, त्यात कारणाच्या रकान्यात सुरेखाबाईंनी ‘दुःखद’ एवढंच लिहिलं. छातीत पुन्हा आवळू लागलं होतं. स्नेहल येऊन बघून गेली. गोळ्या वाढवल्या, पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं, आणि जाताना दारात सुरेखाबाईंचा हात बराच वेळ धरून उभी राहिली. “पथ्य तेवढं सांभाळा, काकू. आता थोडंही नको.” सयाजीराव आतून ऐकत होते. पथ्य मोडायची त्यांना इच्छाच नव्हती. त्यांना फक्त भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची हे कळत नव्हतं. ज्याला न सांगता कळत होती ते गेलं होतं.

गल्लीनं आपल्या परीनं निदान केलं. माणूस खचलाय. अंगात रक्त राहिलेलं नाही. दुधी खाऊन कुणाचं रक्त वाढलंय? डबे येऊ लागले. ज्या तीन घरांनी बोलणं टाकलं होतं त्यांनीही राग गिळून डबे पाठवले. तांबडा आला, पांढरा आला, गुंडूनं खास नळ्या पाठवल्या. सुरेखाबाई दारातच उभ्या राहून “न्हाय चालत त्यांना, डॉक्टरनी सांगितलंय” असं म्हणत एकेक डबा परत करत होत्या. त्यांचा आवाज बसला. परत गेलेला डबा थोड्या वेळानं दुसऱ्या हातात पुन्हा दारात येई.

पाचव्या दिवशी झुंबरबाई आल्या. त्यांना दारात अडवणारं माणूस त्या गल्लीत जन्मलं नव्हतं, कारण जन्मलेलं सगळं त्यांच्याच हातावर जन्मलं होतं. पावसातून चालत आल्यामुळं त्यांचा पदर चिंब झाला होता. मागं चार-पाच बायका होत्या. पदराखाली झाकून आणलेली वाटी त्यांनी बाहेर काढली.

“अळणी हाय नुसतं,” त्या सुरेखाबाईंना म्हणाल्या. “तिखट न्हाय, मीठ न्हाय. ह्ये औषध हाय, बाई. ह्याला न्हाय म्हणत न्हाईत.”

सयाजीराव उठून बसले. वाटी त्यांच्या उजव्या हातात आली. वाफ तोंडावर आली. कडेला सोनेरी टिपके तरंगत होते. जवळजवळ महिन्यानं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. समोर, दाराच्या चौकटीतून, जोतीरामांचा फोटो दिसत होता.

“पी की,” झुंबरबाई म्हणाल्या.

सयाजीरावांनी तोंड फिरवलं. झुंबरबाईंनी वाकून त्यांची हनुवटी धरली आणि मायेनं आपल्याकडं वळवली. “एवढी वाटी माझ्यासाटी. गळ्याशप्पत हाय.”

त्या वाकल्या तेव्हा ओल्या पदरातली पाण्याची बारीक धार सयाजीरावांच्या मानेवर पडली. पाणी गार होतं. ते मानेवरून पाठीच्या कण्यावर उतरलं आणि सयाजीराव डोक्यापासून कमरेपर्यंत थरथरले.

“झाडलं!” झुंबरबाईंना केवढा आनंद झाला. त्या दाराकडं वळून म्हणाल्या, “बगा गं, अंग झाडलं त्येनं! मान्य केलं तिनं. पी आता.”

बायका हसल्या. सयाजीरावही हसले, कारण सगळे हसत होते. सुरेखाबाई हसल्या नाहीत. त्या पुढं झाल्या, वाटीची कड धरली आणि जोरानं ओढली. पण सयाजीरावांचा उजवा हात वाटीभोवती घट्ट बसला होता, आणि काही केल्या तो सुटेना.